कॅप्टनसाहेबांची राखीव जागा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. जर्मनीतल्या हेस प्रांताच्या डोंगरात, विधवा ओटिलीबाईंच्या घराला सुतारानं मला बसवलं. इतका जड, की पोरं मला पाठ लावून ढकलत.

दर सप्टेंबरात आमच्याकडे लष्कराचा सराव असे. पलटण यायच्या आदल्या दिवशी मुख्यालयातले पुरवठा अधिकारी, कॅप्टन थीलमान, घोड्यावरून येत. विहीर बघत, पेंढ्याची चौकशी करत आणि या घरी किती जण उतरणार ते माझ्यावर खडूनं लिहीत: सहा माणसं, दोन घोडे. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत सैन्य येई, मुली फुलं उधळत. साहेब तोवर पुढच्या गावी! सोय लावणाऱ्याला कोण विचारतं?

ओटिलीबाई विचारत. एका वर्षी म्हणाल्या,

"अहो, साऱ्या पलटणीच्या पोटाची काळजी तुम्हाला. तुमची कुणाला?"

"घोड्याला. तोच विचारतो, आता थांबायचं का म्हणून."

"मग ऐका की त्या मुक्या जिवाचं! बटाट्याचे गोळे उकळतायत."

साहेब हसले. मग माझ्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं: एक अधिकारी, थीलमान. "पुढच्या वर्षीची जागा आत्ताच राखून ठेवली, बाई. पोटभर जेवणार."

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्येच युद्ध पेटलं. सराव कुठला आणि साहेब कुठले! अक्षरं फिकी झाली की ओटिलीबाई त्याच रेघांवरून खडू फिरवत. घोड्याच्या टापा ऐकू आल्या की आम्ही दोघं कान टवकारायचो.

चार वर्षांनी हरलेलं सैन्य पायी परतलं. त्याच्या पुढे एक तरुण अधिकारी आला, खडू घेऊन. तो कोपरा पुसायला त्यानं हात उचलला.

"खबरदार! ती जागा दिलेली आहे. खाली लिहा हवं तेवढं."

त्यानं नाव वाचलं आणि टोपी काढली. "बाई, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो."

"कुठं आहेत ते?"

त्यानं उत्तर माझ्याकडे बघत दिलं. "ब्रेडच्या गाडीबरोबर गेले होते. गाडी पोचली. ते नाही परतले."

मग नाव न पुसता त्यानं खाली लिहिलं: चार माणसं. संध्याकाळी ओटिलीबाईंनी पाच पानं वाढली. पाचव्यावर कुणी बसलं नाही.

आता त्याही नाहीत. नवे मालक मला हिरवा रंग देणार आहेत. देऊ देत बापडे. पण मित्रांनो, सगळ्यांना वाढून स्वतः उभं राहणारं कुणीतरी तुमच्याही घरी असेल. त्याला आजच हाताला धरून बसवा. "पुढच्या वर्षी" म्हणाला, तर ऐकू नका.