इंजिन मागे कोणी ठेवलं?

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही वर्गात आपल्या जागी बसला आहात. शेजारच्याने शाईची बाटली लवंडली आणि बाई आत यायच्या आधी रिकामी बाटली तुमच्यापुढे सरकवली. खरं काय ते सांगायला तुम्ही उठता, पण तोंडातून आवाजच फुटत नाही. उद्याही फुटणार नाही, परवाही नाही. सगळे तुमच्याकडे बघून माना हलवतात. तुम्हाला काय वाटेल?

जे वाटेल, ते मला तेवीस दिवस वाटतं आहे. मी एक जुना ट्रेलर आहे. गाडीच्या मागे जोडायचा, दोन चाकांचा, बंद पडलेली एक मोटारसायकल पाठीवर वाहणारा. माझ्या वयाची मंडळी आपली गोष्ट सांगताना हळवी होतात म्हणे. मी होणार नाही. मला राग आला आहे आणि तुम्हाला तो कळलाच पाहिजे.

एका वेल्डिंगच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. मिस्त्रीने चौकट जोडली, खाली अ‍ॅक्सल आणि धक्के झेलणारे पाटे बसवले, मधोमध मोटारसायकलची चाकं बसतील अशी लोखंडी पन्हळ टाकली. रंगाचा डबा संपला होता, म्हणून मी राखाडी प्रायमरवरच राहिलो. शेडबाहेर माझ्या एका बाजूला चकचकीत लाल ट्रेलर होता आणि दुसऱ्या बाजूला तीन मोटारसायकली मावतील असा रुंद. येणारा जाणारा लालवरून हात फिरवी, रुंदाकडे कौतुकाने बघे आणि माझ्यावर हेल्मेट ठेवून सौदा करी.

मग एक दिवस आत्या आली. आत्या म्हणजे गॅरेजवाल्या आजोबांची मुलगी. रस्त्यात कुणाची मोटारसायकल बंद पडली की गाडी घेऊन जायचं आणि तिला गॅरेजमध्ये आणायचं, हे तिचं काम. सोबत तिचा धाकटा भाऊ होता. त्यांच्या थोरल्या भावाची तीन वर्षांची मुलगी आत्याच्या कडेवर होती. ती इतकी लहान आणि गोल होती की सगळे तिला बटण म्हणत. तिचा तो काका, म्हणून धाकट्याला आपणही काकाच म्हणू.

"ताई, लाल घे," काका म्हणाला. "रस्त्याने जाताना लोक बघत राहतील."

"मला बघायला लोक नकोत, मोटारसायकल आणायचीय."

"मग हा रुंद घे. एकाच्या जागी तीन!"

"तीन जणांच्या एकदम बंद पडल्या की घेऊ. तोवर तिघांचं लोखंड एकीसाठी ओढत बसू का?"

मग तिने बटणला काकाकडे दिलं आणि सरळ जमिनीवर झोपून माझ्या खाली डोकं घातलं. मिस्त्री गडबडला. "बाई, कपडे खराब होतील!"

"कपडे धुता येतात," आत्या खालून म्हणाली. "वाकडा अ‍ॅक्सल धुऊन सरळ होतो का?"

तिने माझा एकेक जोड बोटाने चाचपला. लालचा रॅम्प तिने उघडून बघितला, तो आखूड होता. आखूड रॅम्प म्हणजे उभा चढ. इंजिन बंद असलेली मोटारसायकल एकटीने त्यावर ढकलायची तर पाठच मोडायची. माझा रॅम्प लांब होता. तिने मला निवडलं. मित्रांनो, मला कोणीतरी खालून वाकून बघितलं, तो माझ्या आयुष्यातला पहिला मान.

त्यानंतर सात वर्षं मी काम केलं. रस्त्याच्या कडेला कुणीतरी हेल्मेट मांडीवर घेऊन, उन्हात तोंड पाडून बसलेलं असायचं. आम्ही वळणावर दिसलो की ते उठून उभं राहायचं. त्या उठण्यासाठी मी खड्डे खाल्ले आणि तक्रार केली नाही.

बटण शाळेत जाऊ लागली. तिचे आईवडील दोघेही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की ती गॅरेजमध्ये. आत्याने तिला सगळं माझ्यावरच शिकवलं. बागेतल्या सी-सॉचा मधला टेकू म्हणजे माझी चाकं. ओझं चाकांच्या किंचित पुढे हवं, म्हणजे माझं नाक गाडीवर दाबून बसतं. ओझं मागे गेलं की नाक वर उचलतं. मग वेग वाढला की माझं शेपूट डावीउजवीकडे हलू लागतं, आणि ते पुढच्या गाडीलाही हिसडे देतं. आत्या मोटारसायकल सरळ उभी करायची, स्टँड वर घ्यायची, चार पट्टे बांधायची. पहिल्या किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ओढून बघायची. सात वर्षांत माझं शेपूट एकदाही हललं नाही.

आणि तेवीस दिवसांपूर्वी आत्याला ताप आला. गॅरेजच्या फोनवर एका फोटोवाल्याने बोलावलं होतं. काका मला जोडून निघाला. फोटोवाल्याची मोटारसायकल दणकट होती, आणि सोबत एक सुटं इंजिन होतं. तेही दुरुस्तीला न्यायचं होतं.

"हे पुढे ठेवायचं ना?" फोटोवाल्याने विचारलं.

"अहो, रोजचंच काम आहे आमचं," काका म्हणाला.

पुढे ठेवायचं तर ते जड इंजिन माझ्या कडेवरून उचलून घ्यावं लागलं असतं. रॅम्पवरून ढकललं की ते मागेच राहत होतं. काकाने मागेच ठेवलं. मागच्या कडीत पट्टा अडकवून आवळला. उचलायचा कंटाळा, एवढंच कारण!

उतारावर मी हलू लागलो. मित्रांनो, मी ओरडलो. जेवढं लोखंड ओरडू शकतं तेवढं ओरडलो. पाटे करकरले, साखळ्या आपटल्या. काकाने आधी वेग वाढवला, मग घाबरून कचकन ब्रेक दाबला. आम्ही रस्ता सोडून कडेच्या चारीत गेलो. काकाचा गुडघा खरचटला, मोटारसायकलची टाकी चेपली, माझा मडगार्ड वाकला. मग काकाने काय केलं? पट्ट्याचं बक्कल अडकलं होतं, म्हणून चाकूने पट्टा कापला, एका वाटसरूच्या मदतीने इंजिन गाडीच्या डिकीत टाकलं आणि घरी येऊन म्हणाला, "ट्रेलरच खोटा आहे. रिकामा असल्यासारखा उड्या मारत होता."

"आणि इंजिन?" आजोबांनी विचारलं.

"इंजिन डिकीत होतं की!"

आत्या तापातून उठून बाहेर आली होती. ती माझ्या वाकलेल्या मडगार्डकडे बघत म्हणाली, "पाट्याचे नट बघायला हवे होते मी. माझंच लक्ष नव्हतं."

आणि मी गप्प! मी तिथेच उभा होतो आणि गप्प होतो!

आजोबांनी निकाल दिला. आत्याची निवड चुकली. आता नवा ट्रेलर धाकटा निवडणार, फोन धाकट्याकडे राहणार, रस्त्यावर धाकटाच जाणार. आत्याने गॅरेजमध्ये बसून कार्बोरेटर धुवायचे. मला भंगारात द्यायचं, तोवर पाठ भिंतीला लावून कोपऱ्यात उभं करायचं.

आज सकाळी नवा आला. लाल, रुंद, तीन पन्हळींचा, आखूड रॅम्पचा. गिऱ्हाइकं जमून वाहवा करत होती. त्या नव्यावर माझा राग नाही. त्याच्याही मागच्या टोकाला कुणीतरी काहीतरी टाकेल, तोही हलेल, आणि मग तोही खोटा ठरेल.

भंगारवाला यायच्या आधी आजोबांनी मला भिंतीपासून ओढून काढलं आणि बटणला माझा मागचा दिवा काढून ठेवायला सांगितलं. आता ती दहा वर्षांची आहे. पाना घेऊन ती माझ्या मागे गुडघ्यांवर बसली आणि तशीच थांबली. मागच्या कडीत कापलेल्या पट्ट्याचा तुकडा घट्ट आवळलेला होता. त्याखालच्या पत्र्यावर इंजिनच्या काळ्या तेलाचा वाळलेला डाग होता, ताटाएवढा.

"काका," ती मोठ्याने म्हणाली, "इंजिन डिकीत होतं ना? मग त्याचं तेल इथे कसं आलं?"

"ए बटण, दिवा काढ आणि गप बस."

"आणि हा पट्टा मागे कशाला बांधला होता?"

आत्या हातातलं फडकं टाकून आली. ती वाकली, पट्ट्याचं कापलेलं टोक तिने दोन बोटांत धरलं, डागावर नख घासून बघितलं. मग उभी राहिली.

"मागे ठेवलं होतंस."

"अगं ताई, घाई होती. आणि तेवढ्याने काय होतं?"

"तेवढ्याने काय होतं?" आत्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तेवीस दिवस मी स्वतःला बोल लावतेय, आणि तू माझ्यासमोर बसून जेवतोस? मी वाढलेलं जेवतोस?"

काका बुटाच्या टोकाने खडा उकरत राहिला. गिऱ्हाइकांपैकी एकाला एकदम घरची आठवण झाली.

मित्रांनो, मला वाटलं, संपलं. खरं बाहेर आलं, आता सगळं सरळ होणार. पण आजोबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बास करा. झालं ते झालं, आता चारचौघांत उगाळू नका. फोटोवाल्याला नवी टाकी बसवून दिली आपण. नवा ट्रेलर दारात आलाय, धाकट्याने हौसेने आणलाय. ठरलंय तसंच राहू दे."

माझा सगळ्यात मोठा राग कशाचा, ते आता ऐका. काकाने खोटं सांगितलं त्यापेक्षाही हा मोठा आहे. खरं कळल्यावरही मोठी माणसं म्हणाली, राहू दे! खोट्याने ज्याचं नुकसान झालं, त्याला ते परत देणं म्हणजे खरं मानणं. नुसती मान डोलावणं म्हणजे नव्हे. तुम्ही वस्तू नीट वापरा, पुसून ठेवा, नटाला तेल द्या, हे मी सांगणारच आहे. पण एखादी वस्तू मोडली, तर तिला शिवी घालण्याआधी आपण तिच्यावर काय लादलं होतं ते बघा. आणि माणसाच्या बाबतीतही तेच बघा.

आत्या वळली आणि कार्बोरेटर धुवायच्या तसराळ्याकडे चालू लागली. ते मला बघवेना.

तेवढ्यात बाकावर ठेवलेला गॅरेजचा फोन वाजला. रस्त्यात कुणीतरी अडकलं होतं. काका हात पुसत निघाला. "घेतो, घेतो," तो म्हणाला, जणू काही झालंच नव्हतं.

बटण त्याच्यापेक्षा जवळ होती. तिने फोन उचलला.

"हो, गॅरेजच. कुठे थांबलाय तुम्ही? बरं. सावलीत उभे राहा."

"ए, दे इकडे," काका म्हणाला.

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि बाकावर चढून उभी राहिली.

"नाही, काका नाही येत," ती फोनमध्ये म्हणाली, पण बघत होती आजोबांकडे. "माझी आत्या निघालीय. राखाडी ट्रेलर घेऊन."