काटाबाईंची मोजणी

"किती टोपल्या झाल्या?" वन्संनी विचारलं.

"चोपन्न," थोरला म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

तळ्याशेजारी खड्डा खणून आम्ही मेलेली कोळंबी त्यात ओतत होतो आणि वरून चुना टाकत होतो. पहाटे माझा हा मुलगा तळ्यावर गेला, तेव्हा सगळी कोळंबी पाण्यावर येऊन गरगरत होती. पाणी घुसळणारी चाकं चालू होती, तरी तिला श्वास पुरत नव्हता. दिवस वर येईपर्यंत सगळा खेळ आटोपला. दोन महिने वाढवलेली, बोटाएवढी झालेली कोळंबी.

"टोपलीत पंचवीस किलो. आणि किलोत किती बसतात?"

"आत्या, आता काय करायचंय मोजून?"

"वहिनी, तू मोज."

मला रागच आला. पोराचं तळं गेलं आणि या बाईला मोजणी सुचतेय! पण नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचा शब्द मोडायची मला सवय नव्हती. पदर खोचून मी किलोभर कोळंबी मोजली. दोन-चार इकडेतिकडे, शंभर भरली. वन्संचे ओठ हलले आणि त्या बांधावर मटकन खाली बसल्या.

मोजणं हेच वन्संचं आयुष्य होतं. त्यांचं लग्न जमलं नाही. मी या घरात आले तेव्हा इथे तळी नव्हती, शेतं होती. बायका खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून जाळ्याने कोळंबीची पिल्लं पकडायच्या. वन्सं काठावर पांढरं वाडगं घेऊन बसायच्या आणि शिंपलीने पाच-पाच पिल्लं पलीकडे सारायच्या. पुढे सरकारी योजना आली, शेतांची तळी झाली, पिल्लं तयार करणारं बीजकेंद्र निघालं. मालकाने सगळ्यांत आधी वन्संना बोलावलं.

तिथली रीत अशी. एका वाडग्यात हजार पिल्लं नेमकी मोजून घ्यायची. मग बाकीच्या वाडग्यांत पिल्लं ओतत जायचं आणि पहिल्याइतकी दाटी दिसली की थांबायचं. पिल्लू पापणीच्या केसाएवढं आणि काचेसारखं. दिसतात ते फक्त त्याचे काळे डोळे. वन्संची नजर अशी पक्की की लोक त्यांना काटाबाई म्हणत. एकदा एका नवख्या गिऱ्हाइकाने शंका काढली, तर वाडगं त्याच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "मोजा ना. झोप लागली तर मी उठवीन."

थोरल्याच्या तळ्यातलं बीही त्यांनीच मोजून दिलं होतं. एक लाख.

दुपारी मी भांडी घासत होते. वन्सं मागच्या पायरीवर येऊन बसल्या.

"चोपन्न टोपल्या म्हणजे एक लाख पस्तीस हजार, वहिनी. लाख टाकली होती. टाकलीच नाहीत ती मेली कुठून?"

माझा हात थांबला.

"वर्ष झालं, समोर धुकं असल्यासारखं दिसतं. मला वाटलं, वाडगी जुनी झाली, चमक गेली. मी घासूनसुद्धा घेतली गं." त्या जराशा हसल्या. "पहिल्या वाडग्यातली जी मला दिसली नाहीत, ती मी धरलीच नाहीत. बाकीची वाडगी त्याच मापाने भरली. लाखाच्या जागेत एवढा जीव कोंबला, श्वास कसा पुरणार?"

थोरला तर सकाळपासून खाद्यवाल्याच्या नावाने बोटं मोडत होता. त्या हंगामात आणखी दोन तळी अशीच गेली होती. खाद्य सडकं होतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं दुकान बंद पाडायला बैठक बोलावली होती.

"तुम्ही बोलू नका," मी म्हणाले. आज लिहिताना लाज वाटते, पण म्हणाले. "पोराला कळलं तर तुमचं तोंड बघणार नाही. आणि बीजकेंद्र सुटलं तर दिवसभर कराल काय? खाद्यवाला काय, दुसरा काहीतरी धंदा करेल."

वन्संनी माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि विसळायला लागल्या. कडेला राख तशीच राहिली. त्या आत गेल्यावर मी ते पुन्हा घासलं.

बैठक तळेवाल्यांच्या संघाच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली. खाद्यवाला कोपऱ्यात उभा होता. त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"अहो, हेच खाद्य माझ्या भावाच्या तळ्यातही पडतं," तो काकुळतीने म्हणत होता.

"भावाला ताजं देत असशील, आम्हाला गाळ!" थोरला ओरडला.

"दुकानाला कुलूप घाला!"

तेवढ्यात वन्सं उठल्या. "खाद्य चांगलं आहे. मोजणी चुकली. माझी."

आधी कुणाला कळलंच नाही. मग त्यांनी टोपल्यांचा हिशेब सांगितला. बीजकेंद्राचा मालक हसत म्हणाला, "काटाबाई, बसा खाली. बी जास्त मिळालं म्हणून आजवर कुणी तक्रार केलीय का?"

"माणसांनी नाही केली. कोळंबीनं केली."

मालकाने हसू आवरलं.

"केंद्रातून एक वाडगं मागवा," वन्सं म्हणाल्या. "थोडीच पिल्लं असू द्या. आधी मी मोजते, मग माझा भाचा मोजेल."

वाडगं आलं. वन्सं दाराशी उजेडात बसल्या, वाडगं डोळ्यांजवळ घेतलं आणि शिंपलीने सारत सारत मोजायला लागल्या. इतकी वर्षं त्यांचं बोट मी पाहिलं, तसंच सराईत चाललं होतं.

"तीनशे," त्या म्हणाल्या.

थोरला त्यांच्या जागेवर बसला. एकदा मोजली, मग पुन्हा मोजली. त्याचा चेहरा बघून मला आकडा ऐकायचाच नव्हता.

"चारशे आठ," तो म्हणाला. वाडगं हळूच खाली ठेवलं आणि आत्याकडे न बघता बाहेर निघून गेला.

मालक काहीतरी पुटपुटला. "उद्यापासून मी येत नाही," वन्संनीच त्याचं काम सोपं केलं. "तळी गेलेल्या तिघांनाही सांगा, बी माझ्या हातचं होतं." मग त्या खाद्यवाल्याकडे वळल्या. "तुम्हाला उगीच उभं केलं. बसा."

तो बसला नाही. त्यानेच वन्संच्या चपला शोधून त्यांच्या पायांशी ठेवल्या.

आम्ही दोघी बांधावरून घरी निघालो. दोन्ही बाजूंना तळी, ऊन पाण्यावर चकाकत होतं. दूर आमच्या रिकाम्या तळ्याशी थोरला पाठ करून उभा होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. वन्सं नेहमीसारख्या पुढे आणि मी मागे. थोडं चालून त्या थांबल्या आणि मागे न बघता त्यांनी हात लांब केला. इतक्या वर्षांत त्यांनी माझा हात कधी मागितला नव्हता.

"धर गं वहिनी. पुढं ती अरुंद फळी लागेल ना, पाटावरची?"

फळी आम्ही मघाशीच ओलांडली होती.

मी त्यांचा हात धरला. "हो, वन्सं," म्हणाले, "जरा जपून."