सभेतून घरी आलेला कोट

मी एक जुना खाकी कोट आहे, मित्रांनो, आणि तोही लोकरीचा. चौलच्या दमट हवेत लोकरीचा कोट कशाला, असे तुम्ही विचाराल. बरोबरच आहे. माझा जन्म थंडीसाठी झाला. १९४९ साली एका कारखान्यात मला शिवले, पितळी बटणे लावली आणि दूर उत्तरेकडच्या छावणीत पाठवून दिले. तिथे माझी गाठ बुधाजीशी पडली.

बुधाजी चौलचा. माडांना आणि पोफळींना पाणी लावत मोठा झालेला तरुण. त्या पहिल्या हिवाळ्यात त्याने मला अंगावर चढवले, तेव्हा कुठे त्याचे दात वाजायचे थांबले. पुढे माझ्या बाहीवर एक फीत आली, मग दुसरी. बुधाजी शिपायाचा नाईक झाला.

रजा मिळाली की तो मुंबईहून लाँचने रेवसला यायचा आणि तिथून एसटीने घरी. रेवसला उतरताच ट्रंकेतून काढून मला अंगात घालायचा. घामाने निथळायचा, पण घालायचाच. कारण दारात सगुणा, त्याची बायको, ताट घेऊन ओवाळायला उभी असायची, आणि नुसत्या सदऱ्यातल्या माणसाला ओवाळण्यात काय मजा? खरे सांगतो, ते ओवाळणे माझ्यासाठीच आहे असे मी धरून चाललो होतो.

घरचा कर्ता थोरला भाऊ भागोजी. आईबाप गेल्यावर त्यानेच वाडीचा रहाट हाकून बुधाजीला लहानाचा मोठा केला. त्याला माझे भारी कौतुक. रजेच्या दिवसांत पाहुणा आला की खुंटीवरून काढून मला दाखवायचा. गावातले दोन नवरदेव मला घालून अलिबागला फोटो काढून आले, तेही त्याच्याच परवानगीने. बुधाजी एकदा नको म्हणाला होता, पण भावापुढे त्याचा आवाज चढत नसे. अशाने मी सगळ्या आळीचा कोट होऊन बसलो. मलाही ते आवडत होते, हे कबूल केले पाहिजे.

मग १९५७ साल आले. निवडणुकीचे दिवस होते आणि भागोजी एका उमेदवारासाठी गावोगाव चपला झिजवत होता. बुधाजी रजेवर आला त्याच संध्याकाळी, जेवताना, भागोजीने सांगून टाकले की परवा रेवदंड्याला सभा आहे, तू वर्दी घालून व्यासपीठावर बसायचेस, मी तसा शब्द देऊन आलोय.

बुधाजीचा घास हातातच राहिला.

"दादा, शिपायाला कुनाच्या सभेला जाता येत न्हाय," तो म्हणाला. "वर्दीत न्हाय, साध्या कापडांतबी न्हाय. माझी तिसरी फीत आता लागायची हाय. वर सायबाला कललं तर हायेत त्या दोनबी जातील."

"आन् माझ्या शब्दाचं काय?" एवढेच विचारून भागोजी पानावरून उठला.

बापाच्या जागी असलेला माणूस भरल्या पानावरून उठला, याचे बुधाजीला फार लागले. तो घरी असला की रोज सकाळी दोघे भाऊ मिळून रहाटावर जात. दुसऱ्या दिवशी भागोजी एकटाच गेला. सभेच्या दिवशी बुधाजी सकाळीच मुरूडला, काशीकडे, म्हणजे आपल्या बहिणीकडे निघून गेला. सभाही टळेल आणि भांडणही, असे त्याला वाटले असावे.

लोकरीला कसर लागते, म्हणून सगुणाने त्या दिवशी मला अंगणात बाजेवर ऊन दाखवायला टाकले होते. दुपारी भागोजी आला. मला बघून थबकला. बंदी शिपायाला आहे, मी कुठे शिपाई, असे काहीसे पुटपुटला, मला काखेत मारले आणि रेवदंड्याची वाट धरली.

पटांगणात पोचल्यावर त्याने मला अंगात घातले. भागोजीचे पोट बुधाजीच्या दुप्पट. माझे एक बटण ताडकन तुटून गर्दीत गेले. कुणीतरी पुढे होऊन माझ्या डाव्या खिशावर उमेदवाराचा बिल्ला टोचला. लांब बसलेल्यांना चेहरा कुठे दिसत होता? त्यांना दिसला तो कोट आणि दोन फिती. बुधाजी नाईक आपल्या बाजूला आला, अशी कुजबुज सुरू झाली. ही कुजबुज पलटणीपर्यंत पोचायला एक पोस्टकार्ड पुरे होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. भागोजीच्या मनात भावाचे वाईट करायचे नव्हते, हे मी जाणत होतो, पण कोट काय करणार? ज्याने घातला त्याच्याबरोबर जाणार.

इतक्यात बायकांच्या बाजूने सगुणा पुढे आली. रिकामी बाज बघून तिने काय ते ओळखले होते आणि चौलपासून ती चालत आली होती.

आमच्याकडे सून थोरल्या दिराशी बोलत नाही. लग्नाला नऊ वर्षे झाली, पण सगुणा भागोजीशी थेट एक शब्दही बोलली नव्हती. काही सांगायचेच झाले तर ती भिंतीला नाहीतर मांजराला सांगायची आणि भागोजीने ते ऐकायचे. आत्ता तिथे भिंत नव्हती आणि मांजरही नव्हते. तिने पदर पुढे ओढला, माझ्याकडे बघितले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कोटा, घरी चल. तुझा धनी तिकडं मुरूडला हाय, आन् तू हितं काय करतोस? तुझ्यापायी त्याची नोकरी जाईल."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझ्याशी बोलत होते.

कुणी हसले नाही. भागोजीने बिल्ला काढला, एकेक बटण सोडले, माझी वेडीवाकडी घडी घालून व्यासपीठाच्या कडेला ठेवली आणि दोन पावले मागे सरकला. मग नुसत्या बंडीवरच लोकांना म्हणाला, "कोट माझ्या भावाचा हाय. तो कुनाच्या बाजूला न्हाय. मी हाय, ते मी माझ्या तोंडानं सांगतो." पुढे तो काय बोलला ते मला ठाऊक नाही, कारण तोवर मी सगुणाच्या हातात घरच्या वाटेला लागलो होतो.

संध्याकाळी बुधाजी परत आला आणि सगुणाने त्याला सगळे सांगितले. तो खिशावरच्या भोकावरून बोट फिरवत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी भागोजीने दारातून हाक दिली, "बुधाजी, चल, पानी लावायचं हाय." दोघे भाऊ रहाटावर गेले. सगुणाने खाकी दोऱ्याने खिसा रफू केला, नवे बटण लावले, आणि पुढच्या वर्षी माझ्या बाहीवर तिसरी फीत आली.

बुधाजी पेन्शनीत आला, त्याच्याबरोबर मीही. आता कुठल्याही सभेला जायला तो मोकळा होता. जायचाही, पण धोतर-सदऱ्यात, मला खुंटीवर ठेवून. १९६७ च्या निवडणुकीत कुणीतरी मला मागायला दारात आले. ओट्यावर बसलेला भागोजी म्हणाला, "कोट मिलायचा न्हाय. माझी बंडी पायजे तर न्या." मला हसू आवरेना.

मित्रांनो, लोकरीच्या कपड्याला वर्षातून एकदा ऊन दाखवा, घडीत कडुलिंबाचा पाला घाला. आणि वर्दी असेल तर कुणाच्या अंगावर जाते, तेवढे बघा.

जाता जाता एक सांगतो. सत्तावनच्या त्या सभेआधीच, छावणीत बसून, बुधाजीने टपालाने आपले मत पाठवले होते. ते भागोजीच्या उमेदवाराला होते की दुसऱ्याला, हे मला माहीत आहे, कारण तेव्हा मी त्याच्या अंगावर होतो. बुधाजीने ते भावाला सांगितले नाही, सगुणालाही नाही. मग मी कोण सांगणारा?