पितरांच्या पंधरवड्यातला दसरा

हे तुम्हांला पटणार नाही. आजवर कुणाला पटलेलं नाही, आणि ज्याला पटेल त्याच्या ताब्यात मी माझं एक कोकरूसुद्धा देणार नाही. पण आमच्या गावात, कवठे महांकाळच्या पलीकडच्या माळावर, एका कावळ्यानं कॉम्प्युटर सुरू करून दिला.

रहिमतपूरला लालासाहेबांच्या सोप्यात बसून मी हे म्हणालो, तेव्हा ते पानाला चुना लावत होते. लालासाहेब म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. ऊस त्यांचा, मेंढरं माझी. दिवाळी सरली की आमचा कळप त्यांच्या मोकळ्या रानात बसायचा. रानाला खत, आम्हांला ज्वारी, अशी जुनी दोस्ती. आता कळप थोरला लेक फिरवतो आणि मी नुसत्या गप्पा घेऊन येतो.

“मल्हारबा,” लालासाहेब म्हणाले, “मागच्या खेपेला तुमच्या मेंढ्यानं एस्टी वढली हुती. ती घाट चढताना का उतरताना, तेवढं सांगायचं ऱ्हायलं बघा.”

“चढताना. उतरताना कुणीबी वढंल.”

उंबऱ्यात रंगूबाई, म्हणजे लालासाहेबांची मंडळी, घेवडा निवडत होत्या. त्या नुसत्या हसल्या. मी पाय वर घेतले आणि सुरुवात केली.

माझी नात प्रांजल. सांगलीला कॉम्प्युटर शिकली आणि गावात येऊन दूध संकलन केंद्र चालवायला लागली. आमच्याकडचं ऊन तुम्हा पाण्याकाठच्या लोकांना ठाऊक नाही. गाडी यायला उशीर झाला, की कॅनचं झाकण उघडायचं आणि आतलं आयतं दही बघायचं. म्हणून पोरीनं दूध संघाच्या दारात खेटे घालून दूध गार ठेवणारी टाकी मिळवली. स्टीलची, चकचकीत. आत एखादं रेडकू पोहून दमावं एवढी मोठी. सोबत कॉम्प्युटर. पण संघाचे साहेब जयराज, त्यांनी टाकी उतरवतानाच बजावलं होतं.

“संध्याकाळच्या दुधाचा गारवा आमच्या सांगलीच्या हापिसात आकड्यानं दिसला पायजे. न्हाई दिसला, तर ह्यो ट्रक हितंच उभा हाय. टाकी परत चढवणार. कुंडलकडचं एक गाव वाटच बघतंय.”

प्रांजल म्हणाली, “ट्रकात हवा किती हाय तेवढं बघून ठेवा, साहेब. रिकामाच जायचाय.”

कंपनीचा माणूस आला, प्रोग्राम घातला, पडद्यावर ‘यशस्वी’ असं उमटलं, चहा पिऊन तो मोटरसायकलवर निघून गेला. प्रांजलनं टाकी चालू करायला बघितलं, तर टाकी ढिम्म. का? तर म्हणे, सर्व्हिस सुरू होत नाही.

“सर्व्हिस म्हंजे?” लालासाहेबांनी विचारलं. “गाडीची अस्ती तसली?”

“न्हाई. ही कॉम्प्युटरच्या पोटात असती. पडद्यावर दिसत न्हाई, बोलत न्हाई. मागं उभी ऱ्हाऊन टाकीचा गारवा बघती, मशीनला हुकूम सोडती आन् सांगलीला आकडा धाडती.”

“म्हंजे पहाऱ्यावरचा संत्री.”

“व्हय. आन् आमचा संत्री ड्यूटीवर उभाच ऱ्हाईना.”

पडद्यावर एकच ओळ यायची: सर्व्हिस सुरू झाली आणि थांबली. पुन्हा बटण दाबलं की पुन्हा तेच. लगीनघरातल्या रुसलेल्या व्याह्यासारखं. उठतोय म्हणायचं, अर्धं उठायचं, परत बसायचं.

पण आमच्या पोरीची जिद्द बघावी. तिनं कॉम्प्युटर बंद करून लावला. मालकाचे सगळे अधिकार सर्व्हिसला देऊन बघितले. व्हायरस पकडणारा राखणदार घटकाभर गप्प बसवला, म्हटलं चोर समजून हाच तर अडवत नसेल? टाकीपासून आलेली वायर काढून, पुसून, परत खोचली. कंपनीच्या माणसाला फोन लावला, तर तो कुठल्याशा डोंगराआड गेलेला. मीही हात लावला. कनवटीचा भंडारा काढला आणि चिमूटभर कीबोर्डवर उधळला.

“आबा!” ती ओरडली. “बटणात हळद गेली!”

“देवाची हाय. नडत न्हाई.”

“देवाची हाय म्हणून नुसती फुंकते. दुसऱ्या कुणाची असती तर बोटं मोडली असती.”

दारात माणसं जमली होती. कॅन हातात, तोंडं वाकडी. ट्रकचा ड्रायव्हर टाकीकडं असा बघत होता, जसा पाव्हणा ताटाकडं बघतो. त्याच गर्दीत आमचे चेअरमन आप्पासो. दूध सोसायटी त्यांच्या वडिलांनी, थोरल्या आप्पांनी, काढलेली. एरवी आप्पासो दुधाच्या थेंबावर तासभर भाषण करतील. त्या दिवशी मात्र पत्र्याकडं बघत होते.

प्रांजलनं डोळे मिटले, मान झटकली आणि म्हणाली, “आत काय आलंय तेच आता एकेक करून बघते.” प्रोग्राम जिथं बसला होता तो फोल्डर तिनं उघडला. आणि तिचा हात थांबला.

“आबा, आज दसरा हाय?”

“खुळी का काय तू! आज माझ्या बाचं म्हाळ. सकाळी पितरांना जेवू घालून आलोय.”

“मग ह्यो प्रोग्राम दसऱ्याला बसलाय. आजून न आलेल्या दसऱ्याला.”

 एकाएकाची मान वळत वळत आप्पासोंवर जाऊन थांबली.

“बघताय काय माझ्याकडं?” आप्पासो तडकले. “पितरांच्या पंधरवड्यात नवी वस्तू कुणी बसवतं व्हय? संघाला म्हटलं थांबा, संघ थांबंना. मग मी काय करायचं? त्यो कंपनीवाला हात धुवायला गेला, तवा कॉम्प्युटरचं घड्याळ दसऱ्याला न्हेलं. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त! प्रोग्राम बसला, त्यो चहा प्यायला गेला, मी घड्याळ माघारी आणलं. कुणाचं काय बिघाडलं?”

“सगळ्यांचं बिघाडलं, आप्पा,” प्रांजल म्हणाली. “सर्व्हिस उठती, आपली जन्मतारीख बघती, आजची तारीख बघती, आन् म्हणती, मी तर आजून जन्मलेच न्हाई. जी जन्मली न्हाई ती कामाला कशी लागंल?”

लालासाहेब इथं मांडीवर थाप मारून हसले. “फौजेत असतं तर त्या आप्पासोला मैदानाला पळवत ठेवला असता.”

“फौजेत पितर नसत्यात, लालासाहेब. आमच्यात पितरच वरचे साहेब.”

तर मी सुचवलं, घड्याळ परत दसऱ्यालाच ने. पोरीनं नेलं. आणि काय सांगू! मशीन घुं करून उठलं, पंखा फिरला, लोकांनी आरोळी दिली. आप्पासोंनी मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात सांगलीहून फोन. तिथला साहेब म्हणतो, “तुमच्या टाकीची नोंद उघडलीया, पण तारीख दसऱ्याची हाय. आजून म्हशीच्या सडात नसलेलं दूध आमी घेऊ शकत न्हाई.”

आता उपाय एकच. जुना प्रोग्राम मुळासकट उपटायचा, आणि आजच्या तारखेला नव्यानं बसवायचा. कंपनीवाला प्रोग्रामची छोटी पट्टी, पेनड्राइव्ह म्हणतात ती, टेबलावरच विसरून गेला होता. प्रांजलनं ती उचलली, तर आप्पासो हात पसरून कॉम्प्युटरपुढं उभे.

“माझ्या बाची सोसायटी हाय ही. ह्या पंधरवड्यात नवं काम न्हाई म्हंजे न्हाई. टाकी गेली तरी बेहत्तर.”

“टाकी गेली तर उन्हाळ्यात दही घेऊन सांगलीला जाशीला का, आप्पा?”

“तू लहान हाईस, पोरी. बाला काय वाटंल ते मला इचारावं लागतंय.”

“मग इचारा की!” मी म्हणालो. “बा कुठं लांब हाय? पंधरवडा त्येंचाच हाय. घास ठेवा आन् इचारा.”

आप्पासोंनी घरी निरोप धाडला. त्यांच्या घरनं पत्रावळ आली. भात, वडा, खीर, गवारीची भाजी. केंद्राच्या पत्र्यावर ठेवली. आम्ही सगळे खाली हात जोडून. कावळा मात्र यायला तयार नाही. ज्या गावात म्हातारीच्या हातातली भाकरी कावळे ओढतात, तिथं आभाळ कोरडं. आप्पासो म्हणाले, “बा, केंद्राला रंग देतो.” काही नाही. “बा, तुमचा फोटो मोठा करून लावतो.” काही नाही. खाली जयराज साहेबांनी ड्रायव्हरला दोरखंड काढायला सांगितले.

प्रांजलनं ते बघितलं. पदर नसलेल्या ड्रेसची ओढणी तिनं कंबरेला खोचली, शिडी चढली आणि पत्र्यावर उभी राहून म्हणाली, “थोरले आप्पा, तुमच्या लेकानं मशीनला खोटी तारीख सांगितली. तुमच्या मानापायीच सांगितली. त्यांच्यावर रागावू नका. पर टाकी मी जाऊ देणार न्हाई. तुमी न्हाई म्हटलासा तरी देणार न्हाई.”

आणि लालासाहेब, बाभळीवरनं एक कावळा उठला. डोमकावळा, एका पायानं जरा लंगडा. थोरले आप्पाही तसेच चालायचे. त्यानं वडा उचलला. उडाला नाही! वडा चोचीत धरून पत्र्याच्या कडेनं खाली उतरला, खिडकीच्या गजांतून आत शिरला, टेबलावर बसला आणि पडद्याकडं मान तिरकी करून बघत राहिला.

“आन् बटण त्यानंच दाबलं,” लालासाहेब म्हणाले.

“न्हाई, न्हाई. बटण प्रांजलनं दाबलं. त्याच्या चोचीत वडा हुता. खोटं कशाला बोलू?”

जुना प्रोग्राम उपटला. घड्याळ आजच्या तारखेवर. नवा प्रोग्राम बसला. आप्पासोंनी डोळे मिटून घेतले होते. पडद्यावर ओळ आली: सर्व्हिस सुरू झाली. आम्ही पुढच्या शब्दांची वाट बघितली. ते आलेच नाहीत. सर्व्हिस चालू राहिली!

“शाब्बास!” लालासाहेब म्हणाले. पान हातातच राहिलं होतं. कावळ्यापर्यंत त्यांना पटलेलं होतं, हे मी ओळखलं. रंगूबाईंचाही घेवडा निवडायचा थांबला होता. अशा वेळी गप्प बसणारा शहाणा. पण माझं तोंड म्हणजे उताराला लागलेली गाडी.

“थांबा,” मी म्हणालो, “खरी कसोटी पुढंच.”

सर्व्हिस चालू झाली, पण गारवा मोजणारी काडी टाकीत वरच्या अंगाला. दूध काडीला टेकल्याबिगर सर्व्हिसला आकडा मिळेना, आणि आकडा मिळाल्याबिगर ट्रक रिकामा हलेना. इकडं लोकांनी दोरखंड बघून धीर सोडला होता. निम्म्या जणांनी आपलं दूध शेजारच्या गावच्या गवळ्याला नेऊन घातलं होतं. उरलेलं सगळं प्रांजलनं टाकीत ओतलं. दूध काडीच्या खाली दोन बोटं राहिलं. दोन कॅन कमी!

जयराज साहेब म्हणाले, “पोरी, लय झटलीस. पर हुकूम म्हंजे हुकूम.”

ती म्हणाली, “दूध यायची येळ संपली न्हाई, साहेब. दोराला हात लावू नका.” आणि पायरीवर उभी राहून हाळ्या देऊ लागली. आवाज बसला तरी हाळ्या चालूच.

मला ते बघवेना. तसाच घरी गेलो. आमची म्हैस नुकतीच खाऊन रवंथ करत बसलेली. तिच्या कानात म्हणालो, “बाई, पोरगी कावळ्याला जिंकून आलीया, आता तुझ्यापाशी अडलीया.” लालासाहेब, म्हैस उठली. रवंथ तोंडात तशीच थांबवली. मी खाली कॅन लावला. पहिला भरला. तिनं मागं वळून बघितलं, जशी म्हणते, दुसरा आण. दुसराही काठोकाठ! डोक्यावर एक, काखेत एक, असा मी पळत केंद्रावर. प्रांजलनं दूध ओतलं, ते काडीला टेकलं. मशीनचा सूर बदलला, गारवा उतरायला लागला आणि सांगलीच्या हापिसात आकडा उमटला. ट्रक रिकामा गेला! जाताना जयराज साहेबांनी माझ्या दुधाचा फॅट लावून बघितला. आकडा एवढा वर, की त्यांनी चष्मा पुसून परत लावला. म्हणाले, “बाबा, असली म्हैस उभ्या जिल्ह्यात न्हाई.”

“बरोबर हाय त्यांचं!” उंबऱ्यातनं रंगूबाई कडाडल्या. घेवड्याचं सूप त्यांनी बाजूला ठेवलं होतं. “आवं मल्हारभावजी, कावळ्याचं मी सोडून दिलं. पर म्हैस? तुमच्या मंडळी, हरणाबाई, दर साली चहाला दूध आमच्या गोठ्यातनं न्हेत हुत्या, ‘आमच्यात नुसती मेंढरं, म्हशीचा खुटाबी न्हाई’ म्हणत! उभा कळप पिळून मेंढीचं दूध वतलंसा त्या टाकीत, म्हणून लागला त्यो फॅट!”