सध्या मुक्काम ज्वारीत

मी बोलतोय, बदनापूरच्या एका ज्वारीतलं बुजगावणं. हसू नका. मूळचा मी विमानातून उड्या मारणाऱ्यांचा पोशाख आहे, निळा-पिवळा, अंगाबरोबर बसणारा.

माझ्या बाह्यांवर आणि पायांच्या बाजूंना जाड कापडी मुठी शिवल्यात. घालणारीला त्यांचा काहीच उपयोग नाही, त्या दुसऱ्यांनी धरायच्या. म्हणजे मला शिवलं तेच मुळी इतरांच्या हातांसाठी.

माझी मालकीण आकांक्षा. नोकरी जालन्यात, बियाण्यांच्या कंपनीत. सुट्टी मिळाली की मला पिशवीत कोंबून निघालीच लांब उत्तरेतल्या धावपट्टीवर. तिथं ती आणि तिच्या तीन मैत्रिणी, अशा चौघी. उडीआधी जमिनीवरच तालीम चालायची. एकमेकींच्या बाह्या धरून गोल केला की 'स्टार', पुढचीचा पाय धरला की 'डोनट'. मग विमानाच्या दारात चौघी एकमेकींना घट्ट धरून उभ्या राहायच्या. आकांक्षा मोजायची, "रेडी, सेट, गो!" 'गो'ला सगळ्यांनी एकदम सुटायचं. खाली इवलीशी शेतं आणि माझ्या मुठींवर मैत्रिणींची बोटं. त्या बोटांची मला फार आठवण येते.

एकदा आकांक्षाच घाई करून 'सेट'लाच निघाली. तिला धरलेल्या तिघी मागोमाग ओढल्या गेल्या, हवेत सगळा गुंता झाला आणि कुणाचा तरी गुडघा तिच्या खांद्यावर बसला. छत्र्या उघडल्या, सगळ्या जिवंत उतरल्या. पण आकांक्षाने मला पुन्हा अंगात घातलं नाही.

तिची आई, पुष्पाबाई, तर माझं तोंडही पाहीनात. "लेकराचा जीव घेतला असता ह्या कापडानं," म्हणाल्या आणि मला काठ्यांवर चढवलं, "आता पाखरं तरी राखू दे." तेव्हापासून मी हात पसरून उभा आहे. साळुंक्या माझ्या मुठींवर निवांत बसतात. कुणी घाबरत नाही, हेही सांगून टाकतो.

आकांक्षाचा खांदा कधीच बरा झालाय. भरला हंडा सहज उचलते, मी रोज पाहतो. आज शेतातच तिला त्या मैत्रिणींतल्या वंदनाचा फोन आला. "तुझी जागा कुणाला दिली नाही गं. येतेस का?"  आकांक्षाने फोन खिशात टाकला, थेट माझ्याकडे आली आणि बाहीवरची मूठ धरली. माझ्या टाक्याटाक्यात जीव आला.

पुष्पाबाई खुरपं टाकून आल्या. "काय करून राह्यलीस?"

"काय न्हाई माय. मोजता येतं का पाहून राह्यले."

 ज्या हातांनी मला इथं बांधलं, त्याच हातांनी पुष्पाबाईंनी माझी दुसरी बाही धरली. "मोज मंग. मी बराबर धरलंय."

"रेडी," आकांक्षा म्हणाली. "सेट..."

पुढचा शब्द ओठांवर आला आणि तिथंच अडला.

"म्हण की," पुष्पाबाई हळूच म्हणाल्या. "तू म्हणल्याबिगर मी सुटत न्हाई."

तिघं तसेच उभे आहोत. ज्वारीवर पाखरं उतरलीत, त्यांना कुणी हाकलत नाही. आकांक्षा, एकच शब्द राहिलाय गं.