ताटकळलेल्या नोंदी

दक्षिण कोरियातल्या तेगू शहरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात एक लाल बटण असतं. ते दाबलं की बे यून-सोलच्या कचेरीतल्या डेटाबेसमध्ये नोंद पडते, आणि नोंद पूर्ण झाली की रुग्णवाहिका आपोआप निघते. नोंदी नीट पडताहेत ना, एवढंच बघत बसणं हे यून-सोलचं काम. पडद्यावरच्या हिरव्या रेघा बघून बघून डोळ्यांच्या खाचा होतात.

त्या सकाळी रेघ लाल झाली. बटणांच्या नोंदी येत होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द होता: प्रतीक्षेत. कारण सापडायला वेळ लागला नाही. तिचे वरिष्ठ प्यो साहेब आज येणाऱ्या पाहुण्यांना दाखवण्यासाठी म्हाताऱ्यांच्या घरपत्त्यांच्या यादीत बदल करत होते. तो अर्धवट टाकून ते महापौरांच्या स्वागताला खाली पळाले होते. त्यांचं काम पुरं होत नाही तोवर बाकी सगळ्या नोंदींना कुलूप.

ते काम मध्येच तोडून कुलूप काढणं यून-सोलच्या हातात होतं. एक ओळ लिहिली की झालं. पण साहेबांचं काम, त्यांना न विचारता? साहेबांनी चमचा उचलल्याशिवाय इथे कुणी घास घेत नाही.

तिने फोन लावला. त्यांनी कापला. पुन्हा लावला, तर बंद.

ताटकळलेल्यांत एकच घर पुन्हा पुन्हा दिसत होतं. ओक मल-सुन आजी, वय ब्याऐंशी. दोनदा, चारदा, सात वेळा. मग त्या घरून काहीच येईना. यून-सोल जिन्याने धावत खाली गेली.

सभागृहात महापौरांचं भाषण रंगात आलं होतं. प्यो साहेब पहिल्या रांगेत हात बांधून उभे. ती वाकून त्यांच्या कानाशी लागली.

"साहेब, तुमचं काम अर्धवट राहिलंय. म्हाताऱ्यांची बटणं अडकलीत. तोडू का?"

"अक्कल गहाण टाकलीस का गं? तीच यादी आता पडद्यावर दाखवायचीय. भाषण संपू दे, मीच येतो."

"पण साहेब, एक आजी..."

"गप मागे उभी राहा. पाहुणे बघतायत."

आणि ती उभी राहिली. मोठे बोलत असताना तोंड मिटायचं, हेच मेलं जन्मभर शिकवलेलं. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनेही वाजवल्या.

वर येऊन साहेबांनी एक कळ दाबली. नोंदी झरझर पूर्ण झाल्या, रेघ हिरवी झाली, गाडी सुटली. ओक आजी स्वयंपाकघरात पडलेल्या सापडल्या. बटण मुठीत होतं, अंग गार पडलं होतं.

संध्याकाळी साहेबांनी नोंदी उघडल्या. नोंदीवर वेळ पडते ती पूर्ण झाल्याची, बटण दाबल्याची नव्हे. त्यांचा चेहरा उजळला.

"हे बघ, एकही नोंद हरवलेली नाही. बटण दाबल्या दाबल्या गाडी निघालीय. आपल्यावर काही येत नाही."

"साहेब, सातही नोंदींवर एकच सेकंद पडलाय. एका सेकंदात सात वेळा कोण दाबेल?"

साहेबांनी पडदा बंद केला.

"म्हातारीचा हात थरथरत असेल. तसंच लिही अहवालात."

यून-सोलने तसंच लिहिलं.