मागच्या सीटवरचा ब्रेक

बिरुदेव खरातचा उजवा गुडघा पुतण्याच्या हळदीत गेला. पोरं डीजेवर नाचत होती, ते याच्या डोळ्यांत खुपलं. "ह्याला नाच म्हनत्यात व्हय? सरका!" म्हणत सत्तेचाळीस वर्षांचा गडी धनगरी गजी नाच दाखवायला मांडवात उतरला. पहिली उडी झकास बसली. दुसरीला गुडघ्यात कट् वाजलं आणि गडी आडवा! मदतीसाठी हात वर केला, तर लोकांना वाटलं ही नाचातलीच अदा. शिट्ट्या पडल्या.

डॉक्टर म्हणाले, लिगामेंट थोडं फाटलंय. ऑपरेशन करता येईल, पण न करताही भरून येईल. पट्टा बांधायचा, तीन महिने नेमानं व्यायाम करायचा, तोवर रिक्षा बंद.

"विमा आहे का?"

"हाय की!" बिरुदेव ताठ बसत म्हणाला.

निघाला तो रिक्षाचा. रिक्षा चालवणाऱ्याचाही विमा काढतात हे या शहाण्याला कधी सुचलंच नव्हतं. ऑपरेशनचा विषय तिथंच मिटला.

आता आली पंचाईत. रिक्षाचा ब्रेक उजव्या पायात. गुडघ्यात जोर आला नाही, तर जुळे सोलापूरच्या स्टँडवरची वीस वर्षांची जागा गेलीच म्हणायची. जीव नुसता टांगणीला लागला होता. तरी व्यायाम करेल तर शपथ! धर्मादाय दवाखान्यातल्या वैजयंती मॅडमनी साधंच सांगितलं होतं : पाय लांब करा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबा, दहा आकडे मोजा, सोडा. बिरुदेव तीनपर्यंत मोजायचा आणि घोरायला लागायचा.

शेवटी त्याच्या बायकोनं, मायाक्कानं, ट्रंकेतून लायसन बाहेर काढलं. बचत गटातल्या बायांबरोबर ती दोन वर्षांपूर्वी रिक्षा शिकली होती. "स्टँडवर बाईमानूस? लोक काय म्हनतील?" असं म्हणून याच शूरवीरानं ते लायसन ट्रंकेत ठेवायला लावलं होतं.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"मी मागं बसनार. रस्ता दावायला."

"सोलापूरचा रस्ता मला दावताय व्हय? बसा गप!"

बसला खरा, पण गप कुठला! मायाक्का सुसाट निघायची. समोर बस आली की हा मागून ओरडायचा, "अगं, ब्रेक!" आणि पुढच्या पत्र्याला उजवा पाय रेटायचा. म्हैस आली की रेटायचा. सिग्नल लाल असेपर्यंत तर सोडायचाच नाही, जशी काही रिक्षा याच्याच पायानं थांबली होती. शेजारी बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा सात रस्त्याला मायाक्का गाणं गुणगुणताना त्याला ऐकू आली. चोवीस वर्षांच्या संसारात ही बाई गाते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तीन महिन्यांनी वैजयंती मॅडमनी पाय वाकवून, दाबून बघितला. "मांडी चांगली भरलीये की! व्यायाम अगदी नेमानं केलात."

"कसला व्यायाम, मॅडम!" मायाक्का म्हणाली. "माज्या मागं बसून दिवसभर पत्रा दाबत हुते. पोचा पडलाय बघा पत्र्याला."

मॅडम हसून हसून बेजार झाल्या. "तेच कामाला आलं. उद्यापासून खुशाल चालवा रिक्षा."

याच शब्दांसाठी बिरुदेवानं तीन महिने देव पाण्यात ठेवले होते. बाहेर येताच मायाक्कानं पदरानं हँडल पुसलं आणि किल्ली पुढं केली. तिचं तोंड पार उतरलं होतं. ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही. किल्ली घेण्याऐवजी त्यानं लंगडत दोन पावलं टाकली.

"आई गं! अजून दुकतंय की. आनि थोडं दीस तूच चालीव."

मायाक्कानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अवो, दुकत हुता त्यो उजवा. तुमी डाव्यानं लंगडताय."

बिरुदेवानं खाली बघितलं. खरंच की!

"बसा मागं," ती म्हणाली. तोंड फिरवून तिनं किल्ली लावली. बिरुदेव डावा गुडघा धरून मुकाट्यानं मागं जाऊन बसला.